हॉपरला हातोडा मारण्याआधी

वाचकांचे प्रश्न : कोरडी पावडर किती वाहते, हे कसं मोजायचं?

प्रश्न : सप्लायरच्या सर्टिफिकेटवर ‘अँगल ऑफ रिपोझ ३४ अंश’ असं येतं. आमच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) तोच लॉट ४१ दाखवतो. दर वेळी माल गेटवर अडतो आणि फोनाफोनी सुरू होते. खोटं कोण बोलतंय?
– एक वाचक, रबाळे

उत्तर : बहुधा कुणीच नाही. दोघांनी दोन वेगळे ढीग मोजले आहेत.

अँगल ऑफ रिपोझ म्हणजे ओतलेल्या पावडरीच्या ढिगाचा उतार आडव्याशी करतो तो कोन. ढिगाची उंची भागिले पायाची त्रिज्या, आणि त्या गुणोत्तरावरून कोन. गणित शाळेतलंच आहे, गोची आहे ती ढीग रचण्यात. नरसाळं उंच धरलं की पडणारी पावडर ढिगाचं टोक चेपते आणि कोन कमी दिसतो. त्याच टेबलावर शेकर किंवा बाजूला व्हायब्रो सिफ्टर (थरथरणारी चाळणी) चालू असेल तरी ढीग हळूहळू बसतो. तळाला गुळगुळीत काच असेल तर पाया पसरतो. तेव्हा तुम्ही पावडरीचं नाही, काचेचं घर्षण मोजत असता.

दोन्हीकडे एकच रचना ठेवा. १० सेंटिमीटर व्यासाची, कडेला बारीक काठ असलेली चकती घ्या, म्हणजे तळावर पावडरीचाच थर राहील आणि वरचा ढीग पावडरीवर उभा राहील. नरसाळ्याचं तोंड ढिगाच्या टोकापासून २ ते ४ सेंटिमीटर वर ठेवा आणि ढीग वाढेल तसं नरसाळं उचलत जा. पावडर सगळ्या बाजूंनी काठावरून सांडू लागली की थांबा. पाया ठरलेला असल्यामुळे आता फक्त उंची मोजायची. उंची ३.४ सेंटिमीटर आली तर कोन ३४ अंश, ४.३५ आली तर ४१. तुमचं सगळं भांडण जेमतेम एका सेंटिमीटरचं आहे, आणि तेवढा फरक नरसाळ्याच्या उंचीतूनच पडू शकतो.

अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) तक्त्यात ३१ ते ३५ अंश म्हणजे ‘चांगली’, ३६ ते ४० ‘ठीक’, ४१ ते ४५ ‘चालेल, पण अडकू शकते’ आणि ४६ ते ५५ ‘वाईट, हलवावी लागेल’ अशी वर्गवारी आहे. तक्ता वाईट नाही. पण ४० आणि ४१ मध्ये भिंत आहे असं समजून लॉट परत पाठवणं हा आकड्यावर अन्याय आहे. पाच ढीग रचून सरासरी काढा आणि पाचांतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही नोंदवा. पावडर चिकट असेल तर ढिगाला सुळके येतात, एका बाजूने कडा कोसळते. अशा पावडरीला कोन नसतोच, म्हणून तो लिहूही नये. नरसाळ्यात माल अडकला आणि कुणी सळईने ढोसला, तर तसं रजिस्टरमध्ये लिहा. ती नोंद कोनापेक्षा जास्त कामाची आहे.

आणखी एक. नमुना गोणीच्या वरच्या थरातून घेतला की तळातून? ट्रकमधून येताना गोणीतली पावडर हादऱ्यांनी बसते, जाड कण वर राहतात, बारीक खाली जातात. सॅम्पलिंग थीफने (गोणीत खोल खुपसून नमुना काढायच्या पोकळ नळीने) वर, मध्ये, खाली असे तीन नमुने घ्या, एकत्र मिसळा, ढीग करून चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. सप्लायरच्या स्पेसिफिकेशनमध्ये नुसता ‘३५ च्या आत’ हा आकडा लिहू नका. चकतीचा व्यास, नरसाळ्याची उंची आणि मोजतानाची खोलीतली आर्द्रताही लिहा. निम्मे फोन तिथेच थांबतील.

प्रश्न : आमचं कॅप्सूल भरण्याचं छोटं युनिट आहे. टॅप डेन्सिटीचं मशीन सध्या बजेटमध्ये बसत नाही. मोजपात्र हाताने टेबलावर आपटून कार इंडेक्स (आपटल्यावर पावडर किती टक्के बसते तो आकडा) काढला तर चालेल का?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : हाताने नको. सकाळच्या शिफ्टचा हात आणि रात्रीच्या शिफ्टचा हात सारखा नसतो, आणि इथे सगळा खेळ आपटण्याच्या उंचीचा आहे. फार्माकोपियाला दोन पद्धती चालतात : मोजपात्र सुमारे १४ मिलिमीटर वरून मिनिटाला ३०० वेळा पाडणं, किंवा ३ मिलिमीटर वरून मिनिटाला २५० वेळा. घरच्या घरी लॉटची तुलना करायची असेल तर ३ मिलिमीटर उचलणारा कॅम, गिअर मोटर आणि काउंटर एवढ्यावर काम भागतं. वागळे इस्टेटमध्ये असा कॅम करून देणारा लेथवाला शोधायला चहाच्या टपरीपलीकडे जावं लागू नये. मात्र औषधाच्या बॅच रेकॉर्डमध्ये असल्या जुगाडाचा आकडा लिहू नका. तिथे कॅलिब्रेट केलेलंच यंत्र हवं.

कृती अशी. पावडर १ मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या हाताने काढा. गुठळ्या फुटायला हव्यात, दाणे भरडले जाता कामा नयेत. १०० ग्रॅम वजन करून २५० मिलिलिटरच्या कोरड्या मोजपात्रात न दाबता ओता, वरचा पृष्ठभाग अलगद सपाट करा आणि आकारमान वाचा. मग १०, ५०० आणि १२५० टॅपनंतर पुन्हा वाचा. ५०० आणि १२५० यांच्यातला फरक २ मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर आणखी १२५० टॅप द्या. समजा सुरुवातीला २१२ आणि शेवटी १६५ मिलिलिटर आलं. फरक ४७, त्याला २१२ ने भागून १०० ने गुणलं की कार इंडेक्स २२ टक्के. २१२ भागिले १६५ म्हणजे १.२८, हे हाउसनर गुणोत्तर. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात, म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही छापून वजन वाढवण्यात अर्थ नाही. १५ पर्यंतचा इंडेक्स चांगला, १६ ते २० ठीक, २१ ते २५ कसाबसा चालणारा. २६ पासून पुढे त्रासाची तयारी ठेवा.

चुका बहुतेक पहिल्या वाचनात होतात. पावडर ओतल्या ओतल्या तिच्यात हवा असते. लगेच वाचलं तर आकारमान फुगलेलं दिसतं आणि इंडेक्स उगाच वाईट येतो. उलट तोच माल ड्रमच्या तळातून, आधीच बसलेला, चाळणी न करता आला तर इंडेक्स उगाच चांगला येतो. १०० ग्रॅमऐवजी कमी पावडर आणि ५० मिलिलिटरचं पात्र घेतलं की भिंतीचा परिणाम वाढतो. मोठ्या पात्राच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

तुमच्या कामात एक मेख आहे. मशीन डोसेटर पद्धतीचं (नळीत पावडर दाबून कॅप्सूलमध्ये सोडणारं) असेल तर पावडर फार मोकळी असूनही चालत नाही, कारण नळीत दाबलेला प्लग टिकावा लागतो. इंडेक्स खाली आला म्हणून आनंद करायचा आणि नंतर नळीतून पावडर गळताना पाहायची, असं व्हायला नको. वजनाचा विचलन-चार्ट आणि इंडेक्स शेजारी शेजारी ठेवून तुमच्या मशीनला कोणता पट्टा मानवतो ते ठरवा.

प्रश्न : आमच्या फिलर पावडरीचा कार इंडेक्स १८ च्या आसपास असतो, म्हणजे ठीक. आठवडाभर काम सुरळीत चालतं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मात्र हॉपरमधून (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या साठवण-टाकीतून) काहीच उतरत नाही. दोन जण हातोडे घेऊन पहिला तास ठोकत असतात. इंडेक्स चुकतोय का?
– एक वाचक, तळोजा

उत्तर : इंडेक्स बरोबर आहे, प्रश्न चुकीचा विचारला जातोय. कार इंडेक्स किंवा ढिगाचा कोन ताज्या, सैल पावडरीबद्दल बोलतो. तुमची पावडर दीड-दोन दिवस स्वतःच्या वजनाखाली दाबून बसलेली असते. त्या काळात कण जवळ येतात, त्यांचे संपर्कबिंदू वाढतात, ओलावा किंवा उष्णता असेल तर तिथे पूल बांधले जातात. मग तोंडावर कमान बनते आणि वरचा सगळा भार ती भिंतींवर टाकते. ही कमान तोलून धरण्याइतकी ताकद पावडरीत आली का, हे मोजायचं असेल तर शिअर टेस्टच, म्हणजे पावडर कातरून बघायची चाचणीच हवी.

याची पद्धत युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी बसवली आणि १९६१ व १९६४ च्या बुलेटिनांमध्ये मांडली. आजही हॉपर त्याच हिशोबाने काढतात. शिअर सेल म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन कड्या, आत पावडर, वरून वजन. आधी ठरलेल्या भाराखाली पावडर कातरतात आणि लागणारं बळ स्थिर होईपर्यंत थांबतात. याला प्री-शिअर म्हणतात. यामुळे प्रत्येक नमुना एकाच अवस्थेत येतो. मग भार कमी करून पुन्हा कातरतात आणि पावडर तुटतानाचं शिखर नोंदवतात. असे तीन-चार कमी भार घेतले की एक रेषा मिळते. तिच्यावरून मोहर वर्तुळं (ताणांचा हिशोब आलेखावर मांडणारी वर्तुळं) काढून दोन आकडे निघतात : पावडर किती दाबली गेली होती, आणि दाब काढल्यावर मोकळ्या पृष्ठभागावर ती किती बळ सोसेल. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की फ्लो फॅक्टर. तो १० च्या वर असेल तर पावडर मोकळी वाहते, ४ ते १० सहज, २ ते ४ चिकट, १ ते २ फार चिकट आणि १ च्या खाली ती वाहतच नाही. हा सगळा खटाटोप तीन-चार वेगवेगळ्या दाबांवर करावा लागतो, कारण हलक्या दाबाखाली चांगली वागणारी पावडर जड दाबाखाली हटवादी होऊ शकते. जुन्या जेनिके सेलमध्ये कडीचा प्रवास थोडाच असल्यामुळे प्रत्येक बिंदूला नवा नमुना भरावा लागतो आणि तो बसवणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. रिंग शिअर टेस्टरमध्ये कडी गोल फिरते, त्यामुळे एकाच नमुन्यावर पूर्ण रेषा काढता येते.

तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती याच चाचणीची वेळ दिलेली आवृत्ती. प्री-शिअर झालेला नमुना भाराखाली, ओलावा लागणार नाही असा झाकून, २४ किंवा ४८ तास ठेवतात आणि मग तोडतात. आता हिशोब. शंकूच्या गोल तोंडासाठी : कमान मोडण्याच्या सीमेवरची ताकद गुणिले सुमारे २.२, आणि त्याला भागायचं बल्क डेन्सिटी (मोकळ्या हवेसकट पावडरीची घनता) व गुरुत्व यांच्या गुणाकाराने. समजा ताज्या पावडरीची ताकद १.२ किलोपास्कल आणि डेन्सिटी घनमीटरला ६०० किलो आहे. तोंड निघतं ४५ सेंटिमीटर. तीच ताकद ४८ तासांनी २.१ किलोपास्कल झाली तर ७८ सेंटिमीटर. तुमचं तोंड या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असणार. म्हणूनच आठवडाभर चालतं आणि सुट्टीनंतर बसतं. गोलाऐवजी लांबट फट केली तर हाच हिशोब साधारण निम्म्या रुंदीवर येतो, मात्र फटीची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. खाली माल ओढणारा स्क्रू असेल तर त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) पुढे वाढत जायला हवा. सारख्या पिचचा स्क्रू मागच्या टोकाकडूनच माल ओढतो आणि फटीचा बाकीचा भाग मेलेला राहतो.

दुसरी मोजणी भिंतीची. सेलच्या खालच्या कडीऐवजी तुमच्या हॉपरच्या पत्र्याचा तुकडा ठेवतात आणि पावडर त्यावर सरकवतात. हॉपर गंजलेल्या माइल्ड स्टीलचा आणि लॅबला पाठवलेला तुकडा नवा कोरा ३०४ स्टेनलेसचा, ही नेहमीची चूक. भिंतीच्या घर्षणाचा कोन २० अंशांच्या वर असेल तर आडव्यापासून ६० अंशांचा नेहमीचा शंकू पूर्ण वाहत नाही. मधोमध विहिरीसारखं भोक पडतं, तेवढंच उतरतं आणि कडेचा माल महिनोन् महिने तिथेच राहतो.

लॅबला पावडर पाठवताना पाचेक किलो हवाबंद पिशवीत द्या आणि सोबत हे लिहा : हॉपरचा व्यास व उंची, माल किती तास थांबून राहतो, मालाचं तापमान, शेडमधली आर्द्रता आणि पत्र्याचा खराखुरा तुकडा. नुसता ‘फ्लोएबिलिटी टेस्ट करा’ असा मेल पाठवला तर सैल पावडरीचाच आकडा परत येईल.

नवं हॉपर होईपर्यंत काय? सुट्टीआधी ते रिकामं करा. हे सर्वांत स्वस्त आहे. तेही शक्य नसेल तर भरल्यावर लगेच थोडा माल खालून काढा. माल एकदा सरकला की तोंडाजवळचा दाब लक्षणीय उतरतो. आणि हातोड्यांबद्दल : तोंड बंद असताना मारलेला प्रत्येक घाव पावडर आणखी घट्ट बसवतो. पत्र्याला पोचे पडतात आणि त्या पोच्यांवरच पुढची पावडर अडते. व्हायब्रेटर असेल तर त्याला खालच्या गेटशी इंटरलॉक करा (जोडून टाका), गेट उघडं असेल तेव्हाच तो सुरू व्हावा. कितीही घाई असली तरी कुणाला आत उतरवू नका. कमान पायाखाली कोसळली की माणूस पावडरीत गाडला जातो.

प्रश्न : वाळूच्या घड्याळात वाळू एकसारख्या वेगाने का पडते? पाण्याच्या टाकीत तर उंची कमी झाली की धार मंदावते.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : सुंदर प्रश्न. पाण्यात तळावरचा दाब उंचीबरोबर वाढत जातो. दाणेदार मालात वजनाचा मोठा भाग घर्षणामुळे भिंतींवर जातो, आणि व्यासाच्या काही पट खोलीनंतर तळावरचा दाब जवळपास वाढतच नाही. जर्मन अभियंता यानसेन यांनी हे १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी मांडलं. त्यामुळे वेग वरच्या उंचीवर नाही, भोकावर ठरतो. १९६१ मध्ये बेव्हरलू आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रात प्रवाह भोकाच्या व्यासाच्या अडीचाव्या घाताप्रमाणे वाढतो, फक्त व्यासातून दाण्याच्या आकाराच्या सुमारे १.४ पट वजा करावे लागतात. दाणे भोकाच्या मानाने बारीक असतील तर भोक दुप्पट केल्यावर प्रवाह साधारण साडेपाच पट होतो. मेटल पावडरच्या कारखान्यांत वापरलं जाणारं हॉल फ्लोमीटर याच तत्त्वावर चालतं : २.५ मिलिमीटरचं भोक, ५० ग्रॅम पावडर आणि स्टॉपवॉच. मैद्याइतक्या बारीक पावडरीला मात्र हे सूत्र लागू नाही. तिथे वर शिरणारी हवा प्रवाह अडवते, आणि कण एकमेकांना चिकटतात ते वेगळंच.

प्रश्न : मसाल्याचं मिश्रण आम्ही एसी लॅबमध्ये तपासतो, पास होतं. जुलैमध्ये पॅकिंग हॉलमध्ये मात्र ऑगर फिलरमध्ये (स्क्रूने पाकिटं भरणाऱ्या यंत्रात) गठ्ठे होतात आणि पाकिटांची वजनं वरखाली जातात. एरोसिल (अतिबारीक सिलिका) वाढवू का?
– एक वाचक, तुर्भे

उत्तर : आधी मिश्रणात मीठ किती आहे ते बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात तुर्भ्याच्या उघड्या शेडमध्ये ७५ टक्के म्हणजे कोरडा दिवस. तुमची एसी लॅब बहुधा ५० टक्क्यांच्या आसपास तपासते, म्हणजे पावसाळ्याची परीक्षा उन्हाळ्यात घेते.

लॅबमध्येच पावसाळा तयार करता येतो. डेसिकेटरच्या (झाकणाच्या हवाबंद काचपात्राच्या) तळाला संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेले खडे दिसायला हवेत. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावर आर्द्रता साधारण ३३ टक्के राहते, साध्या मिठाच्या ७५ आणि पोटॅशियम क्लोराइडच्या सुमारे ८४. वर जाळीवर उथळ डिशमध्ये मिश्रणाचा ५ मिलिमीटरचा थर पसरा. वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, बहुधा दोन दिवस पुरतात. मग तिन्ही नमुन्यांचा टॅप इंडेक्स काढा, नमुना बाहेर काढल्यावर मोजण्याचं काम शक्य तितक्या लवकर आटपा. ३३ वर २०, ७५ वर २४ आणि ८४ वर थेट गोळा, असं काही दिसलं तर उत्तर एरोसिलमध्ये नाही, हॉलच्या डिह्युमिडिफायरमध्ये आहे. ऑगरच्या हॉपरवर झाकण आणि आत कोरडी हवा, एवढ्यानेही फरक पडतो. एसी गोदामातून थंड गोणी काढून लगेच उघडू नका. पावडर गार असली की दमट हवेतलं पाणी तिच्यावरच जमतं. गोणी बंदच ठेवून हॉलच्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा.

एरोसिल उपयोगी आहे, पण मात्रा ०.१ ते ०.५ टक्का. जाड दाण्यांवर बारीक कणांचा लेप बसून ते एकमेकांपासून दूर राहतात, एवढंच त्याचं काम. लेप पूर्ण झाल्यावर टाकलेलं जास्तीचं एरोसिल स्वतःच बारीक धूळ होऊन प्रवाह बिघडवतं. ते आधी चाळून थोड्या मसाल्यात मिसळा, मग ते मिश्रण पूर्ण बॅचमध्ये घाला. तुमच्या पदार्थासाठी एफएसएसएआयने (अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) घातलेली मर्यादा आधी तपासून घ्या.

प्रश्न : आमची पावडर एक तर अडते, नाहीतर स्क्रू बंद असतानाही पाण्यासारखी धावत बाहेर येते. एकाच पावडरीचे हे दोन स्वभाव कसे?
– एक वाचक, महापे

उत्तर : बारीक पावडरीत हवा अडकली की कण एकमेकांना टेकत नाहीत आणि ती द्रवासारखी वागते. रिकाम्या हॉपरमध्ये वरून वेगाने माल सोडला, किंवा कमान कोसळली, की हेच होतं. स्क्रू तिला थोपवू शकत नाही, रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या पंख्यांच्या कप्प्यांतून माल सोडणारा) बऱ्यापैकी थोपवतो. मात्र त्या व्हॉल्व्हखाली दाबाची लाइन असेल तर वर गळणारी हवा बाजूच्या व्हेंटमधून काढून द्यावी लागते, नाहीतर तीच हवा माल अडवते.

मोजायला साधा उपाय आहे. मोजपात्र निम्मं भरा, बूच लावा, दहा वेळा उलटसुलट करा, टेबलावर ठेवा आणि स्टॉपवॉच सुरू करा. १०, ३०, ६० सेकंदांनी आणि मग दर मिनिटाला उंची लिहा, ती बदलायची थांबेपर्यंत. काही सेकंदांत बसणारी पावडर हा त्रास देत नाही. तुमची पाच मिनिटं घेत असेल, तर भरल्यावर निदान तेवढा वेळ खालचं गेट उघडू नका आणि हॉपर कधीच पूर्ण रिकामं होऊ देऊ नका. तळाशी राहिलेला बसका माल हाच तुमचा बूच.